बोर्डिंगवाल्याने ऐनवेळी हात वर केले, ग्रूमर आलाच नाही: भरलेले पैसे परत कसे मिळवायचे

गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या मुलुंडच्या श्वानपालकांच्या ग्रुपवर त्याच त्या तक्रारी सुरू होतात. कुत्र्याला ठेवायच्या बोर्डिंगचे पैसे आगाऊ भरले आणि गावाला निघायच्या आदल्या दिवशी फोन आला की जागा नाही. घरी येऊन आंघोळ घालणारा ग्रूमर फिरकलाच नाही, अ‍ॅपवर मात्र ‘सेवा पूर्ण’ असं झळकतंय. कुत्र्याला फिरवायला येणाऱ्याने महिन्याचे पैसे घेतले आणि अर्ध्या महिन्यात फोन उचलणं बंद केलं. पुढे सगळ्यांना मिळणारं उत्तर एकच: “आमची नो रिफंड पॉलिसी आहे.”

अशा तक्रारी लिहायला मी लोकांना मदत करते. बहुतेकांचं प्रकरण एकाच ठिकाणी बिघडतं. सेवा समोरच्याने दिलेली नसते, पण नोंद अशी होऊन बसते की बुकिंग गिऱ्हाइकाने रद्द केलं. एकदा ही नोंद झाली की पुढचा सगळा वाद उताराला लागतो. म्हणून बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण पुढचा भाग वाचा.

कॅन्सलचं बटण तुम्ही दाबू नका

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचं उदाहरण सांगते. गणपतीला कुडाळला जायचं, रात्री बाराची तुतारी एक्सप्रेस, आणि कुत्र्याला ठेवायची सोय एका अ‍ॅपवरून बुक केलेली. पूर्ण पैसे भरलेले. निघायच्या दिवशी दुपारी बोर्डिंगवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला: “सॉरी मॅडम, स्टाफचा प्रॉब्लेम झालाय, या वेळी नाही जमणार. तुम्ही अ‍ॅपवरून कॅन्सल करून टाका, रिफंड ऑटोमॅटिक येईल.” काकूंच्या डोक्यात बॅगा, मोदकाचं सारण, तिकिटं आणि आता या कुत्र्याला कुठे ठेवायचं. त्यांनी बटण दाबलं. अ‍ॅपने लगेच दाखवलं: ‘ग्राहकाने रद्द केले. परतावा: शून्य.’ चोवीस तासांच्या आत गिऱ्हाइकाने रद्द केलं तर काही मिळणार नाही, अशी अट होती. अट कुणी वाचलेली नसली तरी मशीन ती बरोबर लावतं.

काकूंचं नशीब इतकंच की तो मेसेज त्यांनी पुसला नव्हता. बोर्डिंगवाल्याने स्वतःच्या नंबरवरून ‘जमणार नाही’ असं लिहिलं होतं, आणि त्याची वेळ काकूंनी रद्द करण्याच्या आधीची होती. तो स्क्रीनशॉट आणि रद्द केल्याची वेळ शेजारी शेजारी ठेवून आम्ही अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, तेव्हा कुठे पैसे परत आले. हेच बोलणं फोनवर झालं असतं तर हातात काहीच नव्हतं.

तेव्हा असा फोन आला तर फोनवरच्या आश्वासनावर विश्वास ठेवून काही दाबू नका. फोन ठेवल्यावर लगेच मेसेज टाका, अगदी साध्या भाषेत:

“आत्ता फोनवर तुम्ही सांगितलंत की अमुक तारखेपासूनचं बोर्डिंग तुमच्याकडे स्टाफ नसल्यामुळे तुम्ही देऊ शकत नाही. बुकिंग मी रद्द करत नाही. तुमच्या बाजूने रद्द करून भरलेली पूर्ण रक्कम मूळ खात्यावर परत करा.”

उत्तरात नुसतं ‘ओके’ आलं तरी ते सोन्यासारखं आहे. उत्तर आलंच नाही तरी तुमचा मेसेज, तारीख आणि वेळ शिल्लक राहते. अ‍ॅपच्या चॅटमध्येही तेच लिहून ठेवा, कारण बोर्डिंगवाल्याचं आणि अ‍ॅपवाल्याचं पुढे एकमेकांकडे बोट दाखवणं ठरलेलं असतं.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे वॉलेट क्रेडिट. “पैसे वॉलेटमध्ये टाकले आहेत, पुढच्या बुकिंगला वापरा.” सेवाच मिळाली नसेल तर ज्या मार्गाने पैसे गेले त्याच मार्गाने ते परत मागायचे. क्रेडिट वापरलंत तर तुम्ही ते मान्य केलंत असं ते म्हणणार. त्याला हात लावू नका, आणि ‘मला क्रेडिट मान्य नाही’ हे त्याच दिवशी लिहून कळवा.

आधी जनावराची सोय

पैशाचं भांडण उद्याही होईल. ऐनवेळी नकार आला की पहिलं काम म्हणजे कुत्र्या-मांजराची खात्रीची सोय: नेहमीचे डॉक्टर ठेवून घेतात का विचारा, ओळखीतलं कुणी घरी येऊन राहील का बघा. आयत्या वेळी ट्रेनने बरोबर न्यायचं मनात आलं तरी ते सहसा जमत नाही. डब्यात कुत्रा सोबत न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. गणपतीत कोकणच्या गाडीला असा कूपे मिळणं किती अवघड, हे सांगायला नको. घाईत कुठल्याही अनोळखी जागी मात्र सोडू नका. पावसाळ्याच्या शेवटी गोचीड तापाचे रुग्ण वाढलेले असतात, आणि गर्दीच्या, अस्वच्छ बोर्डिंगमधून तो घरी यायला वेळ लागत नाही.

दुसरीकडे ठेवायला जास्त पैसे पडले तर ते बिल जपून ठेवा. मूळ रकमेबरोबर हा फरकही नुकसानभरपाई म्हणून मागता येतो. मात्र तो आपोआप मिळत नाही, मागणीच्या पहिल्या पत्रातच लिहावा लागतो.

‘नो रिफंड’ला कायद्यात किती अर्थ आहे

ही अट वाचून निम्मे लोक माघार घेतात. घेऊ नका. तुम्ही मन बदलून रद्द केलं तर काही रक्कम कापायचा करार समजण्यासारखा आहे. गणपतीच्या आठवड्यातली रिकामी जागा आयत्या वेळी भरत नाही, त्यात बोर्डिंगवाल्याचं खरंच नुकसान होतं. पण सेवाच न देता पूर्ण पैसे ठेवून घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन दिलेल्या बहुतेक सेवा त्यात येतात, बोर्डिंग आणि ग्रूमिंगही. ठरलेली सेवा न देणं किंवा अर्धवट देणं ही ‘सेवेतील त्रुटी’. शिवाय त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत करायला नकार देणं ही याच कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरवली आहे. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ या कायद्याच्या वर जात नाही.

अ‍ॅपवरून बुकिंग केलं असेल तर ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही कामाला येतात. त्यातला एक नियम फार थोड्यांना माहीत आहे. बुकिंग पक्कं झाल्यावर ग्राहकाने रद्द केलं म्हणून कंपनीला शुल्क घ्यायचं असेल, तर कंपनीने एकतर्फी रद्द केल्यावर तसंच शुल्क तिनेही सोसलं पाहिजे. तुमच्या रद्द करण्याला शंभर टक्के कपात आणि त्यांच्या रद्द करण्याला नुसतं ‘सॉरी’, हे या नियमात बसत नाही. तक्रारीत हे वाक्य आवर्जून घाला.

पण आधी स्वतःची बाजू तपासा

हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण कधी कधी सेवा न देणाऱ्याचं बरोबर असतं. रेबीजच्या लशीची नोंद असलेलं कार्ड नसेल तर कुठलंही बरं बोर्डिंग कुत्रा आत घेणार नाही, आणि घेऊही नये. केनल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लसही बऱ्याच ठिकाणी मागतात. मादी माजावर आली असेल, अंगावर गोचिडी असतील, खोकला किंवा जुलाब चालू असतील तरी नकार योग्यच आहे; बाकीच्या जनावरांचा जीव त्यावर अवलंबून असतो. ग्रूमर घरी आला आणि कुत्रा चावायला धावला म्हणून काम सोडून गेला, तर येण्याजाण्याचं वाजवी शुल्क कापून बाकी परत मागा. पूर्ण रक्कम मागितलीत तर तुमचीच बाजू लंगडी पडते.

मधल्या प्रकरणांत मी एकच प्रश्न विचारते: ही अट तुम्हाला पैसे भरण्याआधी सांगितली होती का? बुल जातीचे कुत्रे घेत नाही, सहा महिन्यांखालचं पिल्लू घेत नाही, हे दारात गेल्यावर सांगितलं तर दोष त्यांचा. बुकिंगच्या फॉर्ममध्ये जात आणि वय विचारलेलं असतं. तो फॉर्म तुम्ही खरा भरला असेल तर त्याचा स्क्रीनशॉटच पुरावा आहे.

पुरावा कुठून आणायचा

ग्रूमर आला नाही हे सिद्ध कसं करायचं, असं लोक विचारतात. न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही हे खरं, पण मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये एक सोय आयती आहे. गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये किंवा व्हिजिटरच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक येणाऱ्याची वेळ नोंदलेली असते. ‘सेवा पूर्ण, दुपारी ३ ते ४’ असं दाखवणाऱ्या अ‍ॅपला त्या दिवशीच्या गेटच्या नोंदीची यादी पाठवली की बोलणं संपतं. फिरवणाऱ्याच्या बाबतीतही हेच. महिन्यात तो किती दिवस आला, किती वाजता आत गेला आणि कुत्र्याला घेऊन किती वाजता परतला, सगळं त्यात असतं. अर्ध्या तासाचे पैसे घेऊन दहा मिनिटांत परत आणणारेही त्यात सापडतात.

सीसीटीव्हीचं फुटेज हवं असेल तर सेक्रेटरींना लगेच लेखी विनंती द्या. बहुतेक सोसायट्यांत जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढत राहतं, मागाहून गेलात तर काही शिल्लक नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरची चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करून ठेवा, नुसते स्क्रीनशॉट पुरे नाहीत. समोरच्याने मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू केली असेल तर आजच उतरवून घ्या. मूळ फोनमधली चॅट पुसू नका. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडावं लागू शकतं, आणि तेव्हा मूळ फोन महत्त्वाचा ठरतो.

अर्धवट झालेल्या ग्रूमिंगसाठी कुत्र्याचे फोटो त्याच दिवशी काढा. नखं कापली नाहीत, कानाच्या मागच्या केसांच्या गाठी तशाच, पंजांमधले केस तसेच, हे जवळून घेतलेल्या फोटोत लगेच दिसतं. दोन दिवसांनी काढलेल्या फोटोला काही अर्थ नसतो.

पैसे मागण्याचा क्रम

सुरुवात लेखी मागणीने. ईमेल सर्वांत बरा. बुकिंग क्रमांक, तारीख, रक्कम, काय ठरलं होतं, काय झालं नाही, किती पैसे परत हवेत आणि किती दिवसांत, एवढंच लिहा. बिलावर जीएसटी लावला असेल तर तोही धरून पूर्ण रक्कम मागा. राग, शिव्या, ‘सोशल मीडियावर टाकीन’ ही धमकी, हे सगळं बाहेर ठेवा. पुढे हेच पत्र तिसरा माणूस वाचणार आहे.

अ‍ॅप असेल तर चॅटमधल्या बॉटशी वेळ घालवू नका. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क आपल्या वेबसाइटवर द्यावा लागतो. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि महिन्याभरात ती सोडवणं नियमाने बंधनकारक आहे. पान सहसा तळाशी, अटी आणि शर्तींच्या आसपास दडवलेलं असतं. “आम्ही फक्त मध्यस्थ आहोत” असं उत्तर आलं तर सेवा देणारा आणि अ‍ॅप दोघांच्या नावाने तक्रार चालू ठेवा.

त्याच वेळी पैसे कसे भरले होते ते बघा. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत आणायला सांगा. ‘सेवा मिळाली नाही’ हे कार्डांच्या नियमांत वादाचं मान्य कारण आहे. बँकेला कारण मोघम सांगू नका, नेमकं हेच सांगा. त्याला मुदत असते, त्यामुळे बोर्डिंगवाल्याच्या “पुढच्या आठवड्यात बघतो”वर महिने काढू नका. यूपीआयने दुकानाच्या किंवा कंपनीच्या खात्यावर भरले असतील तर अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा. कुणाच्या वैयक्तिक नंबरवर पाठवले असतील तर या मार्गाने फारसं हाती लागत नाही, मग पुढचेच मार्ग. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिथे वाद बँकेच्या कामाबद्दल असतो, बोर्डिंगवाल्याबद्दल नाही, एवढं लक्षात ठेवा.

यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रावर लिहा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, कंपनीला कळवून उत्तर मागते. पण माझ्या पाहण्यात मोठ्या अ‍ॅपवाल्यांचे बरेच वाद इथेच मिटतात. गल्लीतल्या छोट्या बोर्डिंगवर याचा परिणाम कमी.

मुंबईत राहणाऱ्यांना आणखी एक आधार आहे, मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ पासून काम करणारी ही संस्था, विलेपार्ल्याला ग्राहक भवन. तक्रार कशी मांडायची याचं मार्गदर्शन तिथले कार्यकर्ते करतात. घरातल्या वयस्कर माणसांना ऑनलाइन फॉर्मची भीती वाटत असेल तर त्यांना तिथे घेऊन जा.

आयोगात जायचं का?

रक्कम पाच-सात हजारांची असली की लोक म्हणतात, कोर्टकचेरी कोण करणार. माझं म्हणणं, निदान नोटीस तरी पाठवा. वकील लागत नाही. साध्या कागदावर घटनाक्रम, रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत लिहून स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. नोटीस हातात पडल्यावर पैसे देणारे पुष्कळ असतात.

नाहीच दिले तर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. सेवा न मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. आणि २०१९ च्या कायद्यातला सर्वांत मोठा बदल म्हणजे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार चालते. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला किंवा गुरुग्रामला असलं तरी मुलुंडच्या माणसाने मुंबई उपनगरच्या आयोगात दाखल करायची. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची मागणीही करता येते. कायद्यात निकालाची मुदत महिन्यांची असली तरी प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, ही तयारी ठेवून जा. मूळ रक्कम, व्याज, जादा पडलेला खर्च, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च हे सगळं एकाच तक्रारीत मागा. जनावराला इजा झाली असेल तर डॉक्टरांचे कागद जोडा आणि ती बाब वेगळी, ठळकपणे मांडा. क्रूरता झाली असेल तर पोलिसांत तक्रार हा स्वतंत्र मार्ग आहेच.

फिरवायला येणाऱ्या पोरावर हे सगळं लादू नका

सकाळी चार-पाच कुत्री फिरवून मग कॉलेजला किंवा कामाला जाणारी पोरं आपल्या आसपास आहेत. आई आजारी पडली म्हणून गावाला गेलेल्या मुलाला नोटीस पाठवणं मला पटत नाही. त्याच्या घरच्यांना फोन करा, राहिलेले दिवस पुढच्या महिन्यात भरून घ्या. पुढच्या वेळेपासून पैसे आठवड्याने द्या, म्हणजे दोघांनाही सोपं.

ठरवून फसवणारे वेगळे. सुंदर फोटो टाकलेलं इन्स्टाग्राम पान, लोणावळ्याचं फार्महाउस, हिरवळीवर खेळणारे कुत्रे, ‘शेवटच्या दोनच जागा’, वैयक्तिक नंबरवर अर्धे पैसे, आणि मग ब्लॉक. अशा वेळी ग्राहक आयोगाची वाट धरू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन करा आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंद करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

रिफंडच्या नावाने होणारी फसवणूकही याला जोडूनच येते. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरवर फोन केला की समोरचा गोड बोलून क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. नंबर फक्त अ‍ॅपच्या आतून किंवा बिलावरून घ्या.

पैसे देतो म्हणाले की

हा टप्पाही सांभाळा. “रिफंड प्रोसेस केलाय, आता हेल्पलाइनवरची तक्रार मागे घ्या” असा फोन येतो. तोंडी उत्तर देऊ नका. परताव्याच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा: कार्डावर परत केले असतील तर एआरएन, खात्यावर पाठवले असतील तर यूटीआर. खरंच पाठवले असतील तर हा क्रमांक त्यांच्याकडे असतोच, आणि त्यावरून तुमची बँक रक्कम कुठे अडकली ते शोधू शकते. कमी रक्कम आली तर ‘काही भाग मिळाला, बाकी अमुक रुपये येणे’ असं त्याच दिवशी लिहा. पैशांच्या बदल्यात वाईट रिव्ह्यू काढून टाका असं सांगितलं तर खरं लिहिलेलं काढायची गरज नाही. ‘पैसे अमुक तारखेला परत मिळाले’ अशी भर मात्र घाला. तक्रार बंद करायची ती खात्यात पूर्ण रक्कम जमा झालेली दिसल्यावरच.